एसएसडी बदलली, चार दिवस नीट चालली, आणि आता मधूनच 'नो बूटेबल डिव्हाइस'

लॅपटॉपमध्ये नवीन एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी येणारी वेगवान डिस्क) टाकली, विंडोज टाकलं, सगळं एकदम भन्नाट पळायला लागलं, आणि मग कधीतरी काम चालू असताना मधेच सगळं गोठतं. माउस हलतो पण काहीच उघडत नाही, थोड्या वेळाने निळी स्क्रीन येते, टक्केवारी शून्यावरच अडकून बसते, लॅपटॉप आपला आपण रीस्टार्ट होतो आणि काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस', म्हणजे चालू व्हायला डिस्कच सापडत नाही. पॉवर बटण दाबून धरलं, बंद केला, परत चालू केला की जणू काही झालंच नाही. आपण पण विसरून जातो. मग काही दिवसांनी परत तेच. दुकानात नेला की तिथे हमखास शहाण्यासारखा चालतो, दुकानदार म्हणतो विंडोज करप्ट झालंय फॉरमॅट मारू, फॉरमॅटचे पैसे जातात, आठवडाभर बरं आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

या लक्षणात विंडोजचा दोष फार क्वचित असतो. आणि जो एकमेव खरा पुरावा असतो तो बहुतेक लोक स्वतःच पुसून टाकतात, कारण ती काळी स्क्रीन दिसली की घाबरून पहिलं काय करतात तर पॉवर बटण दाबून बंद. ते करू नका. ती स्क्रीन समोर असतानाच कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबा म्हणजे वीज न तुटता रीस्टार्ट होईल, आणि लगेच बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या लॅपटॉपच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, शिरा. त्यासाठी चालू होतानाच दाबायची की म्हणजे डेल, एसर, आसुसला साधारण एफ २, एचपीला एफ १०, लेनोवोमध्ये थिंकपॅड असेल तर एफ १ नाहीतर एफ २. काही लॅपटॉपात एफएन की बरोबर दाबावी लागते. तिथे स्टोरेजच्या यादीत एसएसडीचं नाव दिसतंय का नाही ते बघा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मग पूर्ण बंद करा, चालू करा, परत बायोसमध्ये जा आणि परत बघा. ही दोन उत्तरं मिळाली की अर्धं काम झालं, पुढचं सगळं त्यावर ठरतं.

रीस्टार्टनंतर नाव गायब आणि पूर्ण बंद-चालू केल्यावर नाव परत, असं असेल तर एसएसडी चालत्या लॅपटॉपमध्ये बसल्या जागी बेशुद्ध पडतेय. एसएसडी म्हणजे नुसती मेमरी नसते, तिच्यात स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो ज्याला कंट्रोलर म्हणतात आणि त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर असतं म्हणजे फर्मवेअर. तो कंट्रोलर अडकला की लॅपटॉपने कितीही हाका मारल्या तरी उत्तर देत नाही. रीस्टार्टमध्ये बऱ्याच लॅपटॉपात एम डॉट टू स्लॉटची (एसएसडीची पट्टी बसते ती जागा) वीज तुटतच नाही, त्यामुळे अडकलेला कंट्रोलर अडकलेलाच राहतो आणि बायोसला ड्राइव्ह सापडत नाही. पूर्ण बंद केल्यावर वीज जाते, कंट्रोलर नव्याने जागा होतो आणि सगळं नीट. आणि निळ्या स्क्रीनवर शून्य टक्के का अडकतं, तर क्रॅशची माहिती लिहायची कुठे, ड्राइव्हच गायब आहे ना.

याच कारणाने इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) पण नेमक्या त्या वेळेची नोंद सापडत नाही आणि लोक म्हणतात लॉगमध्ये तर काहीच नाही. लॉगमध्ये काही नसणं हाच इथे पुरावा आहे. त्याच्या आधीच्या पाच-दहा मिनिटांत मात्र सिस्टम लॉगमध्ये १२९ नंबरची नोंद, सोर्स स्टोरएनव्हीएमई (एसएसडीचा विंडोजमधला ड्रायव्हर), 'रीसेट टू डिव्हाइस' असं लिहिलेलं, बऱ्याचदा सापडतं. आणि नंतर चालू झाल्यावर कर्नल पॉवर ४१, पण ती ४१ म्हणजे फक्त 'मागच्या वेळी नीट बंद झालो नव्हतो' एवढंच, ती बघून एसएमपीएस आणि चार्जर बदलत बसू नका.

अजून एक गैरसमज. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये हेल्थ १०० टक्के, निळं 'गुड' दिसतंय म्हणजे एसएसडी ठणठणीत, असं नसतं. तो आकडा मुख्यतः मेमरीची झीज किती झाली ते सांगतो, नवीन ड्राइव्हची झीज शून्यच असणार. कंट्रोलर अडकतो का, कनेक्शन ढिलं आहे का, हे त्यात कळत नाही. त्याच स्क्रीनवर खाली 'अनसेफ शटडाउन्स' नावाचा आकडा असतो तो कागदावर लिहून ठेवा, पुढच्या वेळी असं झालं की वाढलेला दिसेल. आणि 'मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स' शून्य असायला हवा, तो वाढत असेल तर पुढचं काही वाचू नका, बॅकअप घ्या आणि वॉरंटीत द्या.

बॅकअप तर सगळ्यातच आधी. जी ड्राइव्ह मधूनच गायब होते ती कायमची पण गायब होऊ शकते, आणि हार्ड डिस्कसारखी आधी कुरकुर करून सांगत नाही.

आता कारणं, मी ज्या क्रमाने बघतो त्या क्रमाने.

सगळ्यात आधी बसवणं. हे फुकटचं आहे आणि यातच बरीच प्रकरणं मिटतात. लॅपटॉप बंद करा, विंडोजचा नेहमीचा शटडाउन नाही, शिफ्ट दाबून ठेवून शटडाउन म्हणजे फास्ट स्टार्टअपवाला अर्धवट बंद होणार नाही. चार्जर काढा. खालचं कव्हर उघडलं की आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, थिंकपॅडमध्ये तर बायोसमध्येच बिल्ट-इन बॅटरी डिसेबल करायचा ऑप्शन असतो तो वापरा. मग पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज जाते. एसएसडीचा स्क्रू काढला की ती आपोआप तिरकी वर उठते, ओढून काढा. सोनेरी दातांवर बोटाचे डाग, धूळ काही असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, खोडरबर घासू नका, लोक सर्रास सांगतात पण त्याचा चुरा स्लॉटमध्ये जातो. परत घालताना तिरकीच घालायची, साधारण तीस अंशात, शेवटपर्यंत दाबायची, मग आडवी करायची आणि स्क्रू. नीट बसली असेल तर सोनेरी दात जवळपास दिसत नाहीत आणि दुसऱ्या टोकाची अर्धगोल खाच स्क्रूच्या खुंटीवर तंतोतंत येते. खाच आणि खुंटी यांच्यात मिलिमीटरभर फट दिसत असली तरी ड्राइव्ह आत गेलेली नाही. अशी अर्धवट बसलेली एसएसडी चालते, हेच तर दुखणं आहे, चालते आणि मग लॅपटॉप गरम झाला, उचलून दुसऱ्या खोलीत नेला, बॅगेत हलला की संपर्क तुटतो.

स्क्रूबद्दल वेगळं सांगावं लागतं. बऱ्याच लॅपटॉपच्या रिकाम्या दुसऱ्या स्लॉटला कंपनी स्क्रूच देत नाही, एसएसडीच्या डब्यात पण नसतो. मग लोक चिकटपट्टी लावतात. सेलोटेप उष्णतेने सुटते आणि ड्राइव्ह वर उठते. दुसरे लोक हातात येईल तो स्क्रू पिळतात, लांब असेल तर तो खाली बोर्डाला टेकतो. साधारण एम २ मापाचा ३ मिलिमीटर लांबीचा स्क्रू लागतो, पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा गावातल्या मोबाईल रिपेअरवाल्याकडे चिल्लर पैशात मिळतो. खुंटीची जागा पण बघा, २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब, २२४२ म्हणजे ४२ लांब, २२३० म्हणजे ३० लांब. जुनी छोटी काढून नवीन लांब टाकली असेल तर खुंटी हलवावी लागते, आणि छोटीला लांब करायचा पत्र्याचा ब्रॅकेट लावला असेल तर तो ढिला नाही ना ते बघा.

दुसरं, उष्णता. घरगुती वापराच्या एसएसडीला चालताना शून्य ते ७० अंश अशी मर्यादा बहुतेक कंपन्या लिहितात. त्याच्या आसपास गेली की ती आधी स्वतःचा वेग कमी करते, आणि तरी वाढलं तर काही ड्राइव्ह सरळ मान टाकतात. आता मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे बाहेरच ४५ अंश असतं, लॅपटॉप गादीवर ठेवलेला, खालची जाळी बंद, आत जेन ४ ची (चौथ्या पिढीची, जास्त वेगवान) एसएसडी, काय होणार. ओळखायचं कसं, तर प्रॉब्लेम नेहमी मोठी कॉपी, गेम, व्हिडिओ एक्सपोर्ट चालू असताना येतो का बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो उघडं ठेवून पन्नास-शंभर जीबीची फाईल कॉपी करा आणि तापमान बघत बसा. ऐंशीकडे चाललं आणि मग गायब झाली तर उत्तर मिळालं. (कॉपीचा वेग मधेच धाडकन कमी होणं हा वेगळा विषय आहे, स्वस्त ड्राइव्हमध्ये आतला वेगवान कॅशचा भाग भरला की तसं होतं, तो बिघाड नाही.)

यावर उपाय म्हणून ऑनलाईन जे ॲल्युमिनियमचे जाडजूड हीटसिंक मिळतात ते डेस्कटॉपचे असतात, लॅपटॉपात लावू नका. कव्हर बसत नाही, लोक जोर लावून स्क्रू आवळतात, एसएसडीची पट्टी वाकते, म्हणजे उष्णता घालवायला गेलो आणि संपर्क घालवून बसलो. जुन्या ड्राइव्हवर कंपनीने थर्मल पॅड किंवा पातळ पत्रा लावला असेल तर तो फेकू नका, नवीनवर परत लावा, पण दोन्ही बाजूंना चिप असलेली ड्राइव्ह असेल तर पातळ लॅपटॉपात तीच मुळात जास्त जाड होते, विकत घेतानाच एका बाजूची बघून घ्यावी. आणि एक खरं सांगतो, तुमच्या लॅपटॉपचा स्लॉट जेन ३ चा असेल तर जेन ४ ची महागडी ड्राइव्ह टाकून वेग साधारण ३५०० एमबीच्या वर जाणारच नाही, ७००० चा आकडा डब्यावरच राहतो. साधी, थंड चालणारी जेन ३ किंवा कमी वीज खाणारी घ्या.

तिसरं, वीजबचत, आणि हेच सगळ्यात जास्त फसवतं. यात प्रॉब्लेम काम चालू असताना नाही तर रिकामं असताना येतो: झाकण बंद करून जेवायला गेलात, परत येऊन उघडलं तर काळी स्क्रीन. किंवा नुसतं पीडीएफ वाचत बसलाय आणि गोठला. काम नसलं की एसएसडी डुलकी घेते आणि तिच्याकडे जाणारी पीसीआय एक्सप्रेसची (डेटा ने-आण करणारी) लाईन पण झोपते, आणि काही ड्राइव्ह आणि काही लॅपटॉप यांचं जमत नाही, झोपलेली ड्राइव्ह उठतच नाही. दोन्ही आपापल्या जागी चांगले असतात, हीच एसएसडी मित्राच्या लॅपटॉपात वर्षानुवर्षं चालेल, म्हणून दुकानात टेस्ट केली की पास होते आणि आपण वेडे ठरतो.

विंडोजमध्ये कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जा, प्लॅन सेटिंग, मग ॲडव्हान्स्ड सेटिंग, तिथे पीसीआय एक्सप्रेसखाली 'लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट' आहे ते बॅटरी आणि चार्जर दोन्हीवर ऑफ करा. नव्या मॉडर्न स्टँडबायवाल्या (झोपेतही अर्धवट जागं राहणाऱ्या) लॅपटॉपात हा ऑप्शन बरेचदा लपवलेला असतो, मग बायोसमध्ये एएसपीएम नावाने मिळतो का बघा. बॅटरी थोडी लवकर उतरेल, पण आधी निदान तर होऊ दे. लॅपटॉप नेहमी जितक्या दिवसांत दगा देतो त्याच्या दुप्पट-तिप्पट दिवस असाच वापरा, नाही झालं तर गुन्हेगार सापडला.

लिनक्सवाल्यांचं काम इथे सोपं आहे. डीमेसेजमध्ये (कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, संदेश दाखवणारी कमांड) 'कंट्रोलर इज डाउन, विल रीसेट' अशी ओळ येते, बरोबर सीएसटीएस (कंट्रोलरची स्थिती) आणि पुढे सगळे एफ एफ एफ. नव्या कर्नलमध्ये त्याच्याच खाली कर्नल स्वतः विचारतं की तुमच्या ड्राइव्हच्या पॉवर सेव्हिंगमध्ये घोळ आहे का, आणि बूटच्या वेळी द्यायचे पॅरामीटर पण सांगतं. ते जसेच्या तसे ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम) टाका, ग्रब अपडेट करा. एनव्हीएमईची (पीसीआय एक्सप्रेसवरून चालणाऱ्या एसएसडीची) ही आपोआप झोपायची सोय लिनक्समध्ये ४.११ कर्नलपासून म्हणजे २०१७ ला आली, त्यामुळे फार जुन्या उबुंटूवर बरी चालणारी ड्राइव्ह नव्यावर अडकते असं झालं तर लिनक्स बिघडलं म्हणू नका. फक्त एक, डिस्क गायब झाल्यावर लॉग डिस्कवर लिहिला जात नाही, त्यामुळे एक टर्मिनल आधीपासून डीमेसेज लावून उघडं ठेवा आणि झालं की फोटो.

चौथं, फर्मवेअर. हे लोक शेवटी करतात पण खरं तर तिसऱ्याच्या बरोबरीनेच करायला हवं. फर्मवेअरमुळे ड्राइव्ह गायब होणं ही काही अंधश्रद्धा नाही. क्रूशियलच्या एम ४ या त्या काळातल्या लोकप्रिय एसएसडीत असाच दोष निघाला होता, एकूण ५१८४ तास चालली की ती गप्प व्हायची, रीस्टार्ट केला की साधारण तासभर चालायची आणि परत गप्प, आणि जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने ०३०९ नंबरचं फर्मवेअर काढलं तेव्हा ते थांबलं. म्हणजे हार्डवेअर तेच, फक्त आतलं सॉफ्टवेअर बदललं. सर्व्हरच्या जगात तर याहून भारी, २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझने सांगितलं की त्यांच्या काही एसएएस (सर्व्हरमधल्या जोडणीच्या) एसएसडी बरोबर ३२,७६८ तासांनी म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तासांनी कायमच्या मरतील, आधी फर्मवेअर टाका. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना तो आकडा बघूनच हसू येईल, दोनाचा पंधरावा घात.

तर कंपनीचं स्वतःचं टूल घ्या, सॅमसंगचं मॅजिशियन, क्रूशियलचं स्टोरेज एक्झिक्युटिव्ह, डब्ल्यूडीचा डॅशबोर्ड, किंग्स्टनचा एसएसडी मॅनेजर. चार्जर लावून, बॅकअप घेऊन अपडेट करा. टूलला ड्राइव्ह दिसतच नसेल तर इंटेलची आरएसटी किंवा व्हीएमडी ही डिस्क सांभाळणारी सोय मधे आडवी येत असण्याची शक्यता असते, त्याबद्दल खाली. लॅपटॉपचा बायोस पण अपडेट करा, रिलीज नोटमध्ये 'स्टोरेज कंपॅटिबिलिटी' किंवा 'एसएसडी नॉट डिटेक्टेड' असं काही दिसलं तर नक्कीच. पण त्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला विंडोज लावतं ते कुलूप! विंडोज ११ असलेल्या बऱ्याच लॅपटॉपात मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, कोणी विचारत नाही. मग बायोस अपडेट केला किंवा त्यातलं एखादं सेटिंग बदललं की निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती की बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते, दुसऱ्या मोबाईलवरून लॉगिन करून मिळते, पण ज्यांना दुकानदाराने स्वतःच्याच कुठल्यातरी ईमेलने विंडोज चालू करून दिलंय त्यांची पंचाईत होते. म्हणून कुठल्याही बायोस उद्योगाआधी बिटलॉकर सस्पेंड करा आणि की कागदावर लिहून ठेवा.

एवढं सगळं करूनही होतंच असेल तर मग अदलाबदल. दोन स्लॉट असतील तर दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकून बघा, आधी मॅन्युअलमध्ये तो स्लॉट कोणत्या प्रकारचा आहे ते बघून. एकच स्लॉट असेल तर जुनी एसएसडी परत लावा आणि तेवढेच दिवस वापरा. जुनी पण तशीच गायब झाली तर स्लॉट किंवा मदरबोर्ड, नवीन ड्राइव्हला दोष देऊ नका. जुनी व्यवस्थित आणि नवीन यूएसबी एन्क्लोजरमध्ये (बाहेरून जोडायच्या डबीत) दुसऱ्या मशीनवर पण गायब होते तर ड्राइव्ह खराब. जुनी व्यवस्थित आणि नवीन पण दुसरीकडे व्यवस्थित तर त्या दोघांचं जमत नाही, सरळ दुसऱ्या कंपनीची घ्या, ही विकून टाका किंवा एन्क्लोजरमध्ये घालून बॅकअपला वापरा. या शेवटच्या प्रकारात महिनोन् महिने डोकं फोडणारे लोक बघितलेत. नाही जमत म्हणजे नाही जमत.

जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा (जुन्या प्रकारच्या जोडणीची) एसएसडी असेल तर वरचं अर्धं लागू नाही. तिथे संशय पहिला पट्टीच्या केबलवर. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये सी ७ नंबरची ओळ असते, 'अल्ट्रा डीएमए सीआरसी एरर काउंट', सेटिंगमध्ये जाऊन आकडे दहाच्या पद्धतीत करून घ्या नाहीतर हेक्समध्ये (सोळाच्या पद्धतीत) दिसतात. हा आकडा कधीच खाली येत नाही, त्यामुळे नुसता मोठा असणं म्हणजे काही नाही, पण आज बघितला आणि दोन दिवसांनी वाढलेला असेल तर डेटा वाटेत खराब होतोय, म्हणजे केबल किंवा कनेक्टर. ती पातळ पट्टी मॉडेलनुसार वेगळी असते, मॉडेल नंबर देऊन मागवा. नवीन एसएसडी घेण्यापेक्षा फारच स्वस्त पडते.

आता दुसरी बाजू. बायोसमध्ये नाव नेहमी दिसतंय, रीस्टार्टनंतर पण दिसतंय, तरी बूट होत नाही. मग एसएसडी बिचारी निर्दोष आहे, घोळ बूटचा आहे.

यातला नेहमीचा प्रकार दोन स्लॉटवाल्या लॅपटॉपात होतो. जुनी एसएसडी आतच ठेवून नवीनवर विंडोज टाकलं, इन्स्टॉलरने बघितलं की जुनीवर ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाईलींचा छोटा भाग) आधीच आहे, त्याने बूटच्या फाईली तिथेच टाकल्या आणि विंडोज नवीनवर. सगळं चालतं. मग महिन्याभराने जुनी काढून विकली किंवा फॉरमॅट केली आणि दुसऱ्या दिवशी नवीन बूट होईना. किंवा जुनी आधीच मरायला टेकलेली असेल तर ती ज्या दिवशी उठते त्या दिवशी बूट होतं, नाही त्या दिवशी नाही, आणि आपण नवीनला शिव्या देतोय. डिस्क मॅनेजमेंटमध्ये नवीन डिस्कच्या सुरुवातीला १०० एमबीच्या आसपासचं 'ईएफआय सिस्टम पार्टिशन' आहे का बघा. नसेल तर हेच झालंय. इन्स्टॉलच्या वेळी दुसरी ड्राइव्ह चक्क काढून ठेवणे, बस.

क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, करणारे फक्त सी ड्राइव्ह क्लोन करतात तेव्हा पण असंच होतं. पूर्ण डिस्क क्लोन करायची, सगळी पार्टिशनं. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा फक्त नवीन ड्राइव्ह लावून बूट करा, दोन्ही एकत्र लावल्या तर दोघींच्या ओळखी सारख्याच असतात आणि विंडोज एकीला ऑफलाईन करतं. आणि जुनी ५१२ ची असून नवीन ५०० ची घेतली असेल तर आधी सी थोडी लहान करून घ्या नाहीतर क्लोन टूल अडून बसतं. ५१२ ची ४७६ च का दिसते आणि १ टीबीची ९३१ च का, तर कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने, कोणी काही चोरलेलं नाही.

मग व्हीएमडी. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपात हे चालू असतं आणि त्यामुळे विंडोज टाकताना यादीत एसएसडी दिसतच नाही, बायोसमध्ये मात्र दिसते. दोन मार्ग, एकतर लॅपटॉप कंपनीच्या साईटवरून आरएसटीचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन इन्स्टॉलमध्ये 'लोड ड्रायव्हर' करा, नाहीतर बायोसमध्ये व्हीएमडी बंद करा. डेलमध्ये हे 'रेड ऑन' आणि 'एएचसीआय/एनव्हीएमई' अशा नावाने असतं. एसरमध्ये ऑप्शन दिसतच नाही, बऱ्याच मॉडेलमध्ये बायोसच्या मेन टॅबवर असताना कंट्रोल-एस दाबलं की उगवतो. पण आधीच चालू असलेल्या विंडोजवर हे सेटिंग उलटं केलं तर 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' ठरलेलं. बदलायचंच असेल तर आधी एमएसकॉन्फिगमध्ये बूट टॅबवर सेफ बूट टिक करा, मग रीस्टार्ट करून बायोस बदला, एकदा सेफ मोडमध्ये येऊ द्या, मग टिक काढा. सेफ मोडमध्ये विंडोज योग्य ड्रायव्हर स्वतः उचलतं. साटावरून एनव्हीएमईवर क्लोन करून तीच निळी स्क्रीन येत असेल तरी हाच उपाय, फक्त क्लोन झालेल्या विंडोजला रिकव्हरी मेनूतून सेफ मोडला न्यायचं. आणि काही महिन्यांनी बायोस अपडेट झाल्यावर किंवा आतली छोटी बॅटरी उतरल्यावर बायोस डीफॉल्टवर जातो, व्हीएमडी परत चालू होतं आणि 'मागच्या वर्षीचा प्रॉब्लेम परत आला' असा फोन येतो. तेव्हा पहिलं हेच सेटिंग बघा.

बायोसमध्ये कधीच, एकदाही, दिसली नसेल तर बहुतेक साटा-एनव्हीएमईचा गोंधळ. दोन खाचा असलेली एम डॉट टू ड्राइव्ह बहुधा साटा असते आणि ती फक्त एनव्हीएमई चालणाऱ्या स्लॉटमध्ये पण छान बसते, फक्त दिसत नाही. दुकानात बदलून घ्या.

शेवटी वॉरंटी. ड्राइव्हच्या लेबलवर नंबर असतात त्यांचा आधीच फोटो घेऊन ठेवा, आणि लेबल सोलू नका, थर्मल पॅड लावायचा म्हणून पण नाही, लेबल फाटलं की वॉरंटी नाकारायला निमित्त मिळतं. क्लेम करताना 'लॅपटॉप चालत नाही' असं लिहू नका, तुमची ड्राइव्ह ते पाच मिनिटं चालवून ठीक आहे म्हणून परत पाठवतील. रीस्टार्टनंतरचा बायोसचा रिकामा फोटो, पूर्ण बंद केल्यानंतरचा नावासकट फोटो, १२९ च्या नोंदी, फर्मवेअरचा नंबर, आणि जुनी ड्राइव्ह त्याच स्लॉटमध्ये नीट चालते हे, असं सगळं एकत्र पाठवा. बदली मिळते ती बरेचदा दुरुस्त केलेली ड्राइव्ह असते आणि तुमची जुनी परत येत नाही, त्यामुळे पाठवायच्या आधी कंपनीच्या टूलने सिक्युअर इरेज करा. ती तेवढ्यातही गायब होत असेल तर बंद-चालू करून लगेच इरेज, काही मिनिटंच लागतात.